लॉर्ड कार्डिगन

कार्डिगन, जेम्स टॉमस ब्रुडेनेल, सातवा अर्ल ऑफ : (१६ ऑक्टोबर १७९७–२८ मार्च १८६८). ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी आणि संसद सदस्य. पुढून बटणे लावायच्या लोकरी स्वेटरला त्याचेच नाव आहे.

घराणे गर्भश्रीमंत. राजकारणातला प्रवेशही घरच्याच मतदारसंघातून झाला : मार्लबरोची जागा चुलत्यांच्या गोतावळ्याच्या मुठीत होती आणि १८१८ मध्ये तो तेथून कॉमन्स सभागृहात गेला. १८२९ मध्ये कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा नातलगांनी जागा काढून घेतली. मग फोवी, त्यानंतर उत्तर नॉर्थम्प्टनशर. १८३७ मध्ये वडील वारले आणि अर्ल म्हणून तो लॉर्ड्स सभागृहात जाऊन बसला.

सैन्यात तो उशिरा, १८२४ मध्ये आला. पण त्या काळी हुद्दे विकत मिळत (ही पद्धत १८७१ मध्ये बंद झाली), त्यामुळे आठ वर्षांत तो १५ व्या हुसार (हलके घोडदळ) पलटणीचा प्रमुख झाला. त्यासाठी त्याने ३५,००० पौंडांहून अधिक मोजल्याचे सांगतात. हाताखालच्या कॅप्टन वॅथनवर त्याने खटला भरला. वॅथन निर्दोष सुटला आणि १८३४ मध्ये कार्डिगनलाच पलटण सोडावी लागली. दोनच वर्षांत वशिल्याने त्याला ११ वी लाइट ड्रॅगून्स मिळाली. ही पलटण तेव्हा हिंदुस्थानात होती. तो कानपूरला जाऊन तिला मिळाला खरा, पण लवकरच ती मायदेशी परतली. हिंदुस्थानात वर्षानुवर्षे नोकरी केलेले अधिकारी त्याला गावंढळ वाटत. पुढे पलटणीला किरमिजी तुमानी मिळाल्या. गणवेशाच्या झगमगाटावर तो पदरचा पैसा ओती.

१८४० मध्ये भोजनगृहात कॅप्टन रेनल्ड्सने पाहुण्यासाठी मोझेल वाइन मागवली. ती काळ्या बाटलीत आली. कार्डिगनला ती पोर्टर, म्हणजे हलक्या प्रतीची बिअर वाटली आणि प्रकरण रेनल्ड्सच्या अटकेपर्यंत गेले. त्याच वर्षी कॅप्टन टकेटशी झालेल्या द्वंद्वात त्याच्या गोळीने टकेट जखमी झाला. उमराव असल्याने खटला लॉर्ड्ससमोर चालला. जखमी झालेला इसम म्हणजे आरोपपत्रातल्या लांबलचक नावाचाच टकेट, एवढे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही आणि आरोपी सुटला. वृत्तपत्रांनी झोडपले, ते साहजिकच होते.

रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात तो लाइट ब्रिगेडचा, म्हणजे हलक्या घोडदळाचा सेनापती होता. इतर अधिकारी तंबूत राहत असताना रात्री मुक्कामाला तो बलाक्लाव्हा बंदरातल्या स्वतःच्या नौकेवर जाई. त्याचा वरिष्ठ लॉर्ड लुकन हा त्याचा मेहुणा, दोघांचे हाडवैर. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, टेकडीवरच्या तोफा रशियनांना नेऊ देऊ नयेत, असा सरसेनापती रॅग्लनचा आदेश आला. रॅग्लन उंचावर होता. खाली उभ्या लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. दिसत होत्या त्या दरीच्या टोकाच्या, आणि त्यांवरच चाल करण्याचा हुकूम त्याने कार्डिगनला दिला. समोर आणि दोन्ही बाजूंनी मारा होईल हे कार्डिगनने बोलून दाखवले, तरी हुकूम पाळून तो सुमारे ६७० स्वारांच्या पुढे निघाला. शंभरावर स्वार मेले, घोडे त्याहून कितीतरी अधिक. तो स्वतः तोफांपर्यंत पोहोचला आणि मागे वळला; मागून येणाऱ्या तुकड्यांचे काय झाले हे पाहायला मात्र थांबला नाही. त्याचे धैर्य नाकारता येत नाही, नेतृत्वाविषयी तसे म्हणवत नाही.

१८५५ मध्ये इंग्लंडात त्याचे जंगी स्वागत झाले आणि घोडदळाचे महानिरीक्षकपद मिळाले. टीकाकार गप्प बसले नाहीत. तो तोफांपर्यंत गेलाच नाही असे लिहिणाऱ्या कॅलथॉर्पवर त्याने १८६३ मध्ये दावा लावला. दावा फेटाळला गेला, पण तो तोफांपर्यंत गेल्याचे न्यायालयात मान्य झाले. घोड्यावरून पडल्याने डीन पार्क येथे त्याचा मृत्यू झाला. औरस संतती नसल्याने अर्लपद मार्लबरोच्या त्याच नातलगांच्या घराण्याकडे गेले.