डोळा फुलाचा की पानाचा?

फळझाडांच्या छाटणीबद्दल एक नियम हमखास ऐकायला मिळतो: फांदीवर जिथून नवी फूट निघते त्या डोळ्यांपैकी फुगीर, गोलसर डोळा फुलाचा आणि बारीक, टोकदार डोळा पानाचा. नियम खोटा नाही. पण तो सफरचंद, नासपती, पीच यांच्या मुलखातला आहे. तो डोक्यात ठेवून जालन्याच्या मोसंबीखाली किंवा लातूरच्या परसातल्या केसर आंब्याखाली उभं राहिलं, तर फारसं काही हाती लागत नाही. मोसंबीचे सगळे डोळे सारखेच दिसतात, आंब्याचा शेंडा महिनोन्‌महिने मिटलेला असतो, आणि हातात कात्री असलेला माणूस शेवटी अंदाजानेच फांदी उडवतो. त्याच फांदीवर पुढच्या हंगामाची फळं असू शकतात, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

थंड मुलखात नियम चालतो त्याचं कारण साधं आहे. सफरचंदाचा फुलाचा डोळा आदल्या उन्हाळ्यातच घडू लागतो. चिमुकली फुलं पोटात घेऊन तो हिवाळा काढतो. आत ऐवज जास्त, म्हणून डोळा जाड. पीचच्या काडीवर तर बऱ्याचदा एका पेरावर तीन डोळे शेजारी शेजारी बसलेले असतात: कडेचे दोन गुबगुबीत, फुलाचे, मधला सडपातळ, पानाचा. निर्णय आधी होतो, फूट मागाहून येते, आणि मधल्या काळात तो निर्णय डोळ्याच्या अंगावर वाचता येतो.

आपल्याकडच्या झाडांत हा मधला काळ एक तर नसतोच, नाहीतर त्या काळात बाहेरून काही कळत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या झाडाजवळ गेल्यावर ‘डोळा कसा दिसतो’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं की या झाडात हा निर्णय होतो कधी, आणि काडीच्या कोणत्या भागात.

निर्णय घेतो कोण, तेही पाहू. डोळा म्हणजे आखडून बसलेली फांदीच. तिच्या मधोमध वाढीचं टोक असतं, नुसत्या नजरेला न दिसणारं. ते पानं काढत राहणार की फुलं, याचा संदेश बऱ्याच अंशी पानांकडून येतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी 1930च्या दशकात मांडलं की पानात तयार होणारं काहीतरी शेंड्याकडे जातं आणि फुलं आणवतं. त्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ म्हटलं. ते नेमकं काय आहे, हे कळायला सत्तर वर्षं लागली. 2007 साली भातात आणि मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपात दाखवलं गेलं की पानात बनणारं एक प्रथिन शेंड्यापर्यंत प्रवास करतं आणि तिथं फुलांची जनुकं जागी करतं. फळझाडांतही याच कुळातली जनुकं काम करतात. त्यामुळे डोळा ओळखायचा तर शेजारच्या पानांकडे पाहणं आलंच.

आंब्यात हे फार स्पष्ट दिसतं. मोहोर बहुधा फांदीच्या शेंड्यावर येतो. पण शेंड्यावरचा मिटलेला डोळा तोवर कोणाचाच नसतो, ना फुलाचा ना पानाचा. तो हलायला लागतो तेव्हाच्या हवेवर बरंच ठरतं. नियंत्रित तापमानात वाढवलेल्या आंब्याच्या झाडांवर हे तपासून झालं आहे: दिवसा 18 आणि रात्री 10 अंश सेल्सिअस ठेवलं तर मोहोर, दिवसा 30 आणि रात्री 25 अंश ठेवलं तर पालवी. फांदीची सगळी पानं काढून टाकली, तर थंडीतही पालवीच येते, कारण संदेश पाठवायला कोणी उरत नाही. परभणीला डिसेंबरात पारा एक आकडी होतो तेव्हा लोक शेकोटीजवळ सरकतात, पण केसरच्या झाडाला हीच थंडी हवी असते.

सगळ्यांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे अर्धवट निर्णय. डोळा फुटायला लागला तेव्हा थंडी होती आणि मध्येच आभाळ येऊन रात्री उबदार झाल्या, तर एकाच शेंड्यावर बुडाशी मोहोराचे तुरे आणि टोकाला तांबूस पालवी असा प्रकार दिसतो. उलटंही होतं: खाली पानं, वर मोहोर. लोक याला रोग समजतात. पण हवा बदलली तसा डोळ्यानं निर्णय बदलला, इतकंच ते असतं.

आता ओळखायचं कसं? आधी शेंड्याखालची पानं पाहा. ती गडद हिरवी, जाड, हातात मोडली तर कडकन तुटणारी असतील, तर काडी पक्व आहे. पानं लवचीक, पोपटी असतील, तर त्या शेंड्यावर यंदा फार आशा ठेवू नये. मग डोळा पाहा. फुगायला लागल्यावर मोहोराचा डोळा शंकूसारखा रुंद होतो, त्याची खवलं सैल होऊन एकमेकांपासून सुटतात. पालवीचा डोळा अरुंद राहतो आणि भाल्यासारखा सरळ वर सरकतो. तरी खात्री नसेल तर एक डोळा खर्ची घाला. दाढीच्या नव्या ब्लेडनं त्याला मधोमध उभा चिरा आणि दहापट भिंगाखाली धरा. मोहोराच्या डोळ्यात प्रत्येक खवल्याच्या बगलेत फिकट हिरवा, ओलसर, गोल उंचवटा दिसतो. त्यातून पुढे मोहोराची एकेक उपफांदी निघणार असते. पालवीच्या डोळ्यात बगला रिकाम्या असतात आणि मधोमध पानांच्या घड्या लांबलेल्या दिसतात. शेकडो शेंड्यांच्या झाडावर दोन-तीन डोळे गेले तर काही बिघडत नाही.

यावरूनच छाटणीची वेळ ठरते. आंबे उतरवले की लगेच, पावसाच्या तोंडावर हलकी छाटणी केली तर नवी फूट हिवाळ्यापर्यंत जून होते. दिवाळीच्या आसपास केली तर कोवळी फूट येते, आणि त्या फुटीवर मोहोराची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

मोसंबीची गोष्ट निराळी. इथं आपली थंडी थोडी मदत करते, पण मुख्य काम करतो तो ताण, म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम काही काळ तोडणं. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडायचं, आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात. पानं फिकट पडून थोडी गळू लागली, की ताण बसला असं शेतकरी म्हणतात. वाढ थांबते तेव्हाच पानांच्या बगलेतले डोळे फुलाकडे वळतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही. पाणी सोडून फूट निघेपर्यंत भिंगही उपयोगी पडत नाही. ताण मध्येच अवकाळी पावसानं मोडला, तर त्याच डोळ्यांतून नुसती पालवी बाहेर पडते. आणि ताण म्हणजे दुष्काळ नव्हे: 2012-13मध्ये जालना जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यांना कोणताच बहार वाचवू शकला नाही.

फूट दोन-तीन मिलिमीटरची झाली की फरक कळतो. फुलाची असेल तर टोकाला पांढुरका, गुळगुळीत, गोल मणी असतो. पानाची असेल तर घडी घातलेलं टोक निघतं. एकाच फुटीत पानं आणि कळ्या दोन्हीही येतात. अशी फूट पाहून नाराज होऊ नका. पानांसोबत आलेल्या फुलांची फळं जास्त टिकतात, तर पानाविना आलेल्या फुलांच्या घोसातली बहुतेक फुलं गळून जातात. सरळ वर गेलेले, कोनदार, काटेरी पाणसोट, म्हणजे नुसत्याच वाढणाऱ्या जोमदार फांद्या, आणि कलमाच्या जोडाखालून आलेली खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मूळ रोपाची, फूट मात्र डोळे न तपासता काढावी.

द्राक्षात गाठ पडते ती सगळ्यांत चिवट कोड्याशी. औसा, तुळजापूर, जालन्याजवळचं कडवंची अशा भागांत द्राक्षबागा आहेत, आणि घराच्या मांडवावर एखादा वेल चढवणारेही बरेच आहेत. वेलीचा एक डोळा दिसतो एक, पण असतात तीन: मुख्य आणि त्याच्या बगलेत दडलेले दोन राखीव. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलची खरड छाटणी नव्या काड्यांसाठी, ऑक्टोबरची फळांसाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर येणारा घड आधीच्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, साधारण दीड-दोन महिन्यांच्या आसपास, या मुख्य डोळ्यात आकार घेऊ लागतो. म्हणजे जूनमध्ये आभाळ दाटून राहिलं आणि काडीला ऊन मिळालं नाही, तर त्याची किंमत ऑक्टोबरनंतर मोजावी लागते.

या डोळ्यात आधी एक बिननावाचा उंचवटा तयार होतो. त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही, म्हणजे वेल ज्यानं आधाराला गुंडाळून घेते तो ताणा. सायटोकायनिन हे संजीवक भरपूर असेल तर तो घडाकडे वळतो, जिबरेलिन हे दुसरं संजीवक वरचढ झालं तर बाळीकडे. 1978 साली श्रीनिवासन आणि मलिन्स या संशोधकांनी वेलीचे कोवळे ताणे कापून काचपात्रात सायटोकायनिनवर वाढवले, तर त्यांतून चक्क फुलांचे घोस निघाले. बागायतदार ‘घड जिरला, बाळी झाली’ म्हणतात, त्यामागे हीच दुविधा आहे. बाहेरून दोन्ही डोळे तपकिरी, लोकरी, सारखेच. म्हणून जाणकार बागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि मगच किती डोळ्यांवर कापायचं ते ठरवतात. थॉमसन जातीत बुडाकडचे डोळे बहुधा वांझ असतात, त्यामुळे मांडवावरचा वेल अगदी आखूड कापला तर पानंच पानं येतात. सबकेन केली असेल, म्हणजे काडीचा शेंडा खुडून तिच्यावर उपकाडी वाढवली असेल, तर तिच्या गाठीच्या आसपासचे डोळे जास्त भरवशाचे.

बीडच्या डोंगरातलं सीताफळ आपले डोळे लपवूनच ठेवतं. पानाच्या देठाचं बूड पोकळ असतं आणि डोळा त्या पोकळीत झाकलेला असतो. पान गळेपर्यंत तो दिसतही नाही, फुटतही नाही. पानगळीनंतर काडी हातात घेतली, तर देठाच्या कड्यासारख्या व्रणात केसाळ डोळा बसलेला सापडतो. फुलं नव्या फुटीवर येतात आणि जुन्या लाकडावरूनही. त्यामुळे पानगळ झाल्यावर, पावसाआधी विरळणी केली तर नुकसान होत नाही. फुलाची कळी मात्र निघाल्यावर चुकत नाही: लांबट, तीनधारी, खाली लोंबणारी.

पेरू आणि बोर यांना डोळ्यांची चिंताच नाही. दोन्ही नव्या फुटीवरच, पानांच्या बगलेत फुलतात, म्हणून छाटणी त्यांना मानवते. अंजिराला मात्र तो परदेशी नियम बऱ्यापैकी लागू पडतो: पानाच्या बगलेत टोकदार डोळा फांदीचा आणि त्याच्या शेजारचा फुगीर गोल डोळा अंजिराचा. दौलताबादच्या बाजूला ज्यांच्या दारात अंजीर आहे, त्यांनी जरूर पाहावं.

डाळिंबात नवखा माणूस फसतो तो रंगामुळे, कारण कोवळी पालवीही तांबूस असते. बोटानं चाचपलं की कळतं. पालवीचं टोक मऊ आणि चपटं, कळी लहान असतानाही टणक, चकचकीत आणि गोल. पण इथं कळी ओळखून काम संपत नाही, कारण कळ्याही दोन प्रकारच्या. जिचं बूड सुरईसारखं रुंद आहे, तिच्यात बीजकोश भरलेला असतो. तिला शेतकरी मादी कळी म्हणतात, प्रत्यक्षात ती द्विलिंगी असते. जिचं बूड निमुळतं आणि तोंड घंटेसारखं, ती नर कळी, ती गळणारच. बहार फुटल्यावर झाडाखाली लाल कळ्यांचा सडा पडतो, आणि घाबरून लोक फवारणी मागवतात. त्याआधी गळलेल्या काही कळ्या उचलून उभ्या चिरा. नर कळीत स्त्रीकेसर आखूड, तळाशीच अडकलेला दिसेल. अशाच कळ्या जास्त असतील तर गळ नैसर्गिक आहे. स्त्रीकेसर पुंकेसरांच्या उंचीपर्यंत पोचलेल्या, रुंद बुडाच्या कळ्या गळत असतील, तर मात्र पाणी कमी-जास्त होतंय का, फुलकिडे आहेत का, बुरशी लागलीय का, याचा तपास त्याच दिवशी सुरू करायला हवा.