पंगतीतला जंतू कोणत्या भावकीचा?

सप्ताहाच्या काल्याची पंगत उठली की मराठवाड्यातल्या एखाद्या गावात दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात, ग्रामीण रुग्णालयातल्या खाटा भरतात आणि सगळ्यांचे बोट वरणाकडे किंवा भगरीकडे वळते. रुग्णाच्या शौचाचा नमुना एक्सएलडी या लाल माध्यमावर वाढवल्यावर मधोमध काळा ठिपका असलेल्या गुलाबी वसाहती उगवल्या, तर साल्मोनेला या अन्नातून पसरणाऱ्या जंतूचा संशय बळावतो. तेवढ्यावरून मात्र पंगतीला दोष देता येत नाही. साल्मोनेलाचे 2500 हून अधिक सीरोटाइप, म्हणजे पृष्ठभागावरच्या रेणूंवरून ओळखले जाणारे उपप्रकार, ज्ञात आहेत, पण त्यांतले मोजकेच वारंवार आढळतात. त्यामुळे लातूर आणि परभणीच्या रुग्णांत एकच सीरोटाइप सापडणे म्हणजे दोघांचेही आडनाव देशमुख निघण्यासारखे आहे. भावकी एक आहे की नाही, हे वंशावळ पाहूनच ठरते.

ही वंशावळ पूर्वी पट्ट्यांवरून वाचत. एक्सबीएवन हे एन्झाइम जंतूचा डीएनए ठरावीक सहा अक्षरे दिसतील तिथेच कापते. मग जेलीसारख्या थरात विजेच्या प्रवाहाची दिशा सतत बदलत ते मोठे तुकडे लांबीनुसार वेगळे केले जातात आणि प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा पट्ट्यांचा नकाशा उमटतो. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेले पल्सनेट हे प्रयोगशाळांचे जाळे याच नकाशांवर उभे राहिले. मात्र कापण्याच्या जागा सोडून इतरत्र एखादे अक्षर बदलले, तर पट्ट्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. आता साल्मोनेलाची जवळपास 48 लाख अक्षरे सलग वाचता येतात, आणि एकाच अन्नातून पसरलेल्या जंतूंमधला फरक बहुधा बोटांवर मोजण्याइतका निघतो.

तरीही जनुके नाते सांगतात, पदार्थ सांगत नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या साथीत 50 हून अधिक माणसे दगावली. जनुकवाचनातून तो जंतू संमिश्र असल्याचे, म्हणजे एका जातकुळीत दुसरीचे विष तयार करणारे जनुक शिरल्याचे काही दिवसांतच उघड झाले. पण तो ताटात कशातून आला, हे त्यावरून कळेना. अनेक रुग्णांना कोशिंबिरीवर भुरभुरलेले मोड आठवतच नव्हते. अखेर तपास करणाऱ्यांनी उपाहारगृहांतल्या आचाऱ्यांना गाठून कोणत्या पदार्थात काय घातले होते ते विचारले, तेव्हा संशय मोडांवर स्थिरावला आणि पुढे माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत पोचला.