लांब पोहोचीची पक्कड: हात पुढे जातो, जोर मागे राहतो

मार्च उजाडला की नागपुरात घरोघरी कूलर धुऊन, त्याला नव्या ताट्या लावून तो खिडकीत बसवण्याचे काम निघते, आणि ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना तिच्या कूलंटकडे व रेडिएटरच्या होज पाइपांकडेही याच सुमारास लक्ष द्यावे लागते, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेल्यावर जुना, कडक झालेला पाइप दगा देण्याची शक्यता वाढलेली असते. या दोन्ही कामांत एक अडचण हमखास येते: पाइपावरची क्लिप डोळ्यांना दिसते, पण तिथवर हात जात नाही. अशा जागांसाठी बाजारात लांब पोहोचीच्या पकडी मिळतात. साधारण 280 मिलिमीटर म्हणजे 11 इंचांपासून 400 मिलिमीटर म्हणजे 16 इंचांपर्यंत लांबीच्या, निमुळत्या जबड्यांच्या या पकडी बहुतेक दुकानांत ‘लांब नोज प्लायर’ म्हणून मागितल्या जातात. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याने अशी पक्कड घ्यावी का? माझे मत असे की घ्यावी, पण एकच घ्यावी, 280 मिलिमीटरच्या आसपासची घ्यावी आणि साधी नोज प्लायर आधीपासून हाताशी असेल तरच घ्यावी. या मताला शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाचा आधार आहे.

पक्कड म्हणजे एकाच खिळीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तरफा. खीळ हा टेकू, मुठीवर पडणारा हाताचा दाब हे बल आणि जबड्यात धरलेली वस्तू हा भार. टेकूपासून हातापर्यंतचे अंतर टेकूपासून टोकापर्यंतच्या अंतराच्या जितके पट असेल, तितक्या पटीने टोकाशी दाब वाढतो. स्वयंपाकघरातील सांडशीचे जबडे आखूड आणि दांडे लांब असतात ते याचसाठी. आता समजा, आपण मुठीवर 150 न्यूटन, म्हणजे साधारण 15 किलो वजनाइतका दाब देत आहोत. 200 मिलिमीटरच्या कॉम्बिनेशन प्लायरमध्ये, म्हणजे नेहमीच्या आखूड, जाड जबड्यांच्या पकडीत, खिळीपासून टोक 38 मिलिमीटरवर आणि हात 120 मिलिमीटरवर धरला, तर टोकाशी सुमारे 470 न्यूटन दाब मिळतो. त्याच लांबीच्या नोज प्लायरमध्ये टोक 75 आणि हात 110 मिलिमीटरवर असेल, तर हा दाब 220 न्यूटनवर येतो. लांब पोहोचीच्या एखाद्या पकडीत टोक 130 आणि हात 125 मिलिमीटरवर असला, तर उरतात जेमतेम 145 न्यूटन, म्हणजे हाताने दिले त्याहूनही थोडे कमीच. वेगवेगळ्या बनावटींत ही मापे थोडीफार बदलतील, पण उतरता क्रम बदलणार नाही. अर्थात याच पकडीच्या जबड्याच्या मुळाशी, खिळीलगत, दाब कित्येक पटींनी जास्त असतो आणि म्हणूनच तार कापण्याची धार तिथे दिलेली असते. मात्र लांब पक्कड आपण घेतो ती टोकाने काम करण्यासाठी.

मग खीळच पुढे, टोकाजवळ का बसवू नये, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. हात आणि टोक यांतील 255 मिलिमीटरचे अंतर तेच ठेवून खीळ टोकापासून केवळ 60 मिलिमीटरवर आणली, तर हाताकडची बाजू 195 मिलिमीटर होते आणि टोकाशी जवळजवळ 490 न्यूटन दाब मिळू लागतो. अडचण दुसऱ्याच ठिकाणी उभी राहते. टोके 30 मिलिमीटर उघडायची झाल्यास मुठी त्याच्या सव्वातीन पट, म्हणजे सुमारे 98 मिलिमीटर फाकाव्या लागतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या विषयावरील सरकारी संस्थेने, म्हणजे नायॉशने, 2004 साली काढलेल्या हत्यारांच्या मार्गदर्शिकेत जोराच्या कामासाठी वापरायच्या दोन मुठींच्या हत्यारात मुठींमधले अंतर मिटल्यावर किमान 2 इंच (51 मिलिमीटर) आणि उघडल्यावर जास्तीत जास्त 3.5 इंच (89 मिलिमीटर) असावे, असे सुचवले आहे. आपल्या उदाहरणात मिटल्यावरचे 51 आणि वरचे 98 मिळून ते 149 मिलिमीटरवर जाते. इतका पंजा फाकवून जोर लावता येत नाही, आणि लावता आला तरी बॅटरी व एअर फिल्टरच्या मधल्या फटीत ते दांडे उघडायला जागाच नसते.

या पेचातून काढलेली वाट म्हणजे दुहेरी सांध्याची पक्कड. तिच्यात मागच्या दोन दांड्यांची एक कात्री आणि पुढच्या दोन जबड्यांची दुसरी कात्री एकमेकींना जोडलेली असते, त्यामुळे मुठी थोड्याच हलल्या तरी पुढचे जबडे पुरेसे उघडतात आणि मधला लांब भाग अरुंद फटीत फारसा फाकत नाही. ही रचना खरोखर हुशारीची आहे, परंतु तिच्याविषयी एक गैरसमज असा की दोन सांधे म्हणजे दुप्पट ताकद. बोल्ट कापण्याच्या मोठ्या कात्रीत दोन सांधे ताकद वाढवतात हे खरे, पण तिथे दांडे हातभर फाकतात आणि पाती किंचितच हलतात. आपल्या पकडीत मुठीची हालचाल कमी करून टोकाची हालचाल राखलेली असते. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, आणि हाताने केलेल्या कार्यापेक्षा जास्त कार्य टोकाशी मिळत नाही. तेव्हा मुठी कमी हलवून टोके जास्त हलवायची म्हटली की दाब घटणारच. त्यातून जास्तीच्या खिळींमधले घर्षण आपला वाटा वेगळा काढून घेते.

लांबीची दुसरी किंमत वाकण्याच्या रूपात मोजावी लागते, आणि दाब घटण्यापेक्षा ती मला अधिक महत्त्वाची वाटते. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीच्या मोकळ्या टोकावर भार दिला, तर ती किती वाकेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे जाडी-रुंदी तीच ठेवून जबडा 75 वरून 130 मिलिमीटर केला, तर तेवढ्याच दाबाला तो पाच पटींहून अधिक वाकतो. वाकण्याच्या दिशेतली जाडी निम्मी केली तर वाकणे आठपट होते. लांब पकडीचा जबडा लांबही असतो आणि अडचणीत शिरण्यासाठी निमुळताही ठेवावा लागतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तोटाच पदरी पडतो. जोर वाढवला की टोके एकमेकांपासून उघडू लागतात आणि वस्तू निसटते.

‘क्रोम व्हॅनेडियम’ (हे एक मिश्र पोलाद) अशी अक्षरे कोरलेली महागडी पक्कड कमी वाकेल, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती जरा निराळी आहे. पदार्थाचा ताठपणा यंगच्या स्थितिस्थापकता गुणांकाने मोजतात, आणि साध्या मऊ पोलादापासून उष्णोपचार केलेल्या मिश्र पोलादापर्यंत सगळ्यांचा हा गुणांक 200 गिगापास्कलच्या आसपासच असतो. समान आकाराच्या दोन पकडी, एक स्वस्त व एक महाग, सारख्याच दाबाला जवळजवळ सारख्याच वाकतील. फरक पडतो तो दाब सोडल्यावर. साधे पोलाद सुमारे 250 मेगापास्कल ताणापलीकडे गेले की कायमचे वाकते, तर चांगले पाणी दिलेले हत्याराचे पोलाद 1000 मेगापास्कलपलीकडेही मूळ आकारात परत येऊ शकते. चांगल्या पोलादाला मोजलेले पैसे पक्कड सरळ राहावी यासाठी असतात, आणि लांब पकडीत ते मोजणे आखूड पकडीपेक्षा अधिक गरजेचे आहे, कारण आखूड, जाड जबड्यावर तेवढा ताण सहसा येतच नाही.

सांध्यातला ढिलेपणाही लांबीबरोबर वाढतो. खिळीभोवतीची बैठक 20 मिलिमीटर रुंद असेल आणि तिच्यात 0.1 मिलिमीटर खेळ असेल, तर 130 मिलिमीटरवरच्या टोकाशी तो 0.65 मिलिमीटर होतो. हाताची थरथर तशीच. मनगट एक अंश हलले, तर 255 मिलिमीटरवरचे टोक साडेचार मिलिमीटरच्या जवळपास सरकते आणि 400 मिलिमीटरवरचे सात मिलिमीटर. 16 इंची पक्कड घरासाठी मला निरर्थक वाटते ती मुख्यत्वे यामुळे. भिंतीवर टांगल्यावर ती रुबाबदार दिसते हे मात्र कबूल.

इतके तोटे असूनही एक पक्कड घ्यावी असे मी म्हणतो, कारण घरगुती दुरुस्तीतली पुष्कळ कामे जोराची नसून पोहोचण्याची असतात. आजच्या लहान मोटारींत इंजिन आडवे बसवलेले असते, आणि त्याच्यामागे, केबिनच्या पत्र्यालगत, हाताला जागा राहत नाही. तिथल्या व्हॅक्यूमच्या बारीक नळीची क्लिप मागे सरकवणे, तारांच्या गठ्ठ्याचा खटका खोबणीतून सोडवणे, स्प्लिट पिनचे पाय सरळ करून ती ओढून काढणे, खाली पडलेला वॉशर उचलणे या कामांना 50 ते 100 न्यूटन दाबही पुरतो. शिवाय बारीक जबड्यांमुळे मुठीने नजर अडत नाही आणि काम दिसत राहते. कूलरमध्येही पंपाच्या नळीवरची क्लिप किंवा टाकीच्या कोपऱ्यात अडकलेला ताटीचा गुंता पंख्याच्या पात्यांमागून काढायचा असतो. त्या वेळी कूलरचा प्लग भिंतीतून काढलेलाच असला पाहिजे. मुठींवर चढवलेले रंगीत प्लास्टिक हे पकड बसण्यासाठी असते, विजेपासून संरक्षणासाठी नव्हे. ज्या हत्यारावर आयईसी 60900 या मानकाची व 1000 व्होल्टची खूण असते त्याच्याच मुठी त्या कामासाठी तपासलेल्या असतात, आणि ओल्या कूलरमध्ये तर तशा मुठींवरही विसंबू नये.

रेडिएटरच्या जाड पाइपावरची स्प्रिंग क्लिप हे काम मात्र मी या पकडीला देणार नाही. त्या क्लिपचे दोन कान जवळ दाबून, तसेच दाबून धरून, क्लिप मागे सरकवायची असते. त्यासाठी दाब बराच लागतो आणि तो टिकवावा लागतो. निमुळती टोके कानांवरून घसरतात, जबडे पिळले जातात, आणि सुटलेली क्लिप बोटांवर बसते. या एकाच कामासाठी केबलवर चालणारी क्लिपची पक्कड मिळते. तिची खाचेची टोके कानांवर अडकतात आणि दाबलेली क्लिप खटक्याने तशीच धरून ठेवता येते. ज्यांना होज पाइपांचेच काम वारंवार पडते त्यांनी लांब पोहोचीच्या पकडीआधी हीच घेणे शहाणपणाचे. चिकटून बसलेला पाइपसुद्धा टोकांनी ओढू नये, कारण सगळा दाब दोन लहान ठिपक्यांवर येऊन रबर फाटते. तो आधी फिरवून सैल करावा लागतो, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

नट-बोल्टांना ही पक्कड लावणे हा तर हत्यारावर आणि बोल्टवर सारखाच अन्याय आहे. पाना नटाच्या सपाट बाजूंवर बसतो, पक्कड कडांवर चावते आणि कडा गोल करून टाकते. खोल जागेतल्या नटासाठी सॉकेट आणि लांब एक्स्टेंशन आहेच. ड्रम ब्रेकच्या स्प्रिंगाही याच यादीत येतात. दुचाकीच्या ब्रेक शूची ताणलेली स्प्रिंग वाकणाऱ्या टोकांतून निसटली तर ती थेट डोळ्याकडे येऊ शकते. दुचाकीवर बहुतेक भाग उघडेच असल्याने केवळ मोटारसायकल किंवा स्कूटर सांभाळणाऱ्याला 200 मिलिमीटरची साधी नोज प्लायर पुरते.

लांब हत्याराचा एक धोका सहसा कुणी सांगत नाही. इंजिनाच्या कप्प्यात 280 मिलिमीटरची पोलादी दांडी एकाच वेळी बॅटरीच्या धन टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला टेकू शकते. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण अशा शॉर्टमध्ये शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, पोलाद क्षणात तापते, आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीजवळ हायड्रोजन साचला असेल तर ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी ऋण टोकाची जोडणी काढून ठेवावी. आधी ऋणच, कारण ते सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी दोन्ही एकाच विभवावर (विद्युत पातळीवर) असतात आणि प्रवाह वाहत नाही.

खरेदीसाठी नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत जाऊन पक्कड हातात घेऊन पाहणे मला घरबसल्या मागवण्यापेक्षा बरे वाटते, कारण वर सांगितलेले बहुतेक दोष चित्रात दिसत नाहीत. आपल्याकडे पकडी मुख्यतः जालंधर, राजस्थानातील नागौर येथील कारखान्यांतून आणि नाशिकच्या तपारियासारख्या कंपन्यांकडून येतात. पक्कड हलकेच मिटून उजेडासमोर धरावी. टोके आधी टेकली पाहिजेत आणि त्यांच्यामागे बारीक फट दिसली पाहिजे. मूठ आवळल्यावर ती फट मिटत जाते. हा दोष नसून जबडा वाकणार हे गृहीत धरून केलेली योजना आहे. याउलट मागचा भाग आधी टेकत असेल, तर जोर लावताच टोके उघडतील. मग दुकानदाराच्या पावतीचा कोपरा टोकांत धरून ओढावा; तो सरकता कामा नये. शेवटी एक जबडा बोटांत धरून दुसरा आडवा हलवून पाहावा, आणि टोकाशी हालचाल जाणवली तर ती पक्कड परत ठेवावी.

सरळ आणि 45 अंशांत वाकलेली अशा दोन्ही टोकांच्या पकडी मिळतात. पहिली घ्यायची असेल तर सरळ घ्यावी, कारण वाकलेल्या टोकावर दाब दिला की पक्कड हातात गरगर फिरू पाहते. तीन-चार पकडींचा संच स्वस्त पडतो असे दुकानदार सांगेल, पण त्यातल्या दोन डब्यातच राहतील. खाली पडलेला बोल्ट उचलणे एवढीच गरज असेल, तर टेलिस्कोपसारखी लांब होणारी चुंबकाची कांडी पुरे, फक्त पितळ, अॅल्युमिनियम आणि 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील तिला चिकटत नाही एवढे लक्षात असावे.