मेंदू आणि वाढीतील स्त्री-पुरुष भेद

स्त्री व पुरुष यांच्या मेंदूंचे आकारमान, रचना, वाढीचा वेग आणि काही मानसिक क्षमता यांत जे फरक आढळतात, त्यांचा अभ्यास जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि वैद्यक या तिन्ही शाखांत होतो. हे फरक मोठ्या समूहांच्या सरासरींमधले असून त्यांवरून एखाद्या मुलाची किंवा मुलीची बुद्धी अथवा कल ठरवता येत नाही.

भेदाची सुरुवात गर्भावस्थेत होते. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकामुळे वृषणे घडू लागतात आणि पुढे त्यांतून टेस्टोस्टेरॉन स्रवते. या संप्रेरकाचा जन्मापूर्वीच मज्जासंस्थेवर कायमचा परिणाम होतो, हे फीनिक्स, गोय, जेराल आणि यंग यांनी १९५९ मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांतून दाखवले. प्राण्यांमधील असे ठळक निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे मात्र धोक्याचे आहे.

प्रौढ पुरुषाचा मेंदू सरासरीने सुमारे दहा टक्के मोठा असतो. ब्रिटनमधील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमांच्या २०१८ मधील अभ्यासात पुरुषांचे मेंदू आकारमानाने मोठे, तर स्त्रियांचे बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, सरासरीने अधिक जाड आढळले. दोन्ही गटांतील मोजमापे एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेली होती. डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौदाशेहून अधिक मेंदू तपासले, तेव्हा बहुतेकांत ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ समजल्या जाणाऱ्या वैशिष्ट्यांचे मिश्रण दिसले. क्षमतांमध्ये, एखादी आकृती मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी स्पष्टपणे अधिक येते. बहुतेक इतर चाचण्यांतील फरक किरकोळ असतात.

वाढीच्या वेगातला फरक अधिक सहज दिसतो. मुलींचे यौवन साधारणपणे ८ ते १३ आणि मुलांचे ९ ते १४ या वयात सुरू होते. २००७ मधील एका अमेरिकी अभ्यासात मेंदूचे एकूण आकारमान मुलींमध्ये साडेदहाव्या, तर मुलांमध्ये साडेचौदाव्या वर्षाच्या सुमारास कमाल पातळीला पोहोचलेले दिसले. राज्य शिक्षण मंडळाच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या कोकण विभागात दहावीला मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. त्याचे श्रेय केवळ या लवकर होणाऱ्या वाढीला देता येणार नाही, कारण अभ्यासाची सवय आणि घरातली शिस्त यांचाही त्यात वाटा असतो.

निसर्ग आणि संस्कार यांना वेगळे काढणे किती अवघड आहे, हे कोकणातल्या कामांच्या वाटणीवरून चांगले कळते. किनाऱ्यावरचे मुलगे वडिलांबरोबर होडीवर जातात आणि डोंगरमाथे, देवळांची शिखरे व तारे यांवरून समुद्रातली जागा ओळखायला शिकतात. मुली आईबरोबर मासळीच्या बाजारात बसतात आणि भाव, वाटे, उधारी यांचे हिशेब तोंडी करू लागतात. लंडनमधील टॅक्सीचालकांच्या मेंदूत, जागेच्या स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचे २००० मध्ये आढळले होते. अर्थात दीर्घ सरावाचा ठसा मेंदूवर उमटू शकतो. म्हणून दर्यावर वाढलेला मुलगा आणि बाजारात वाढलेली मुलगी यांच्या क्षमतांत फरक दिसला, तरी तो जन्मजात मानणे घाईचे ठरते. शिवाय ही वाटणी अटळही नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्यामागे चाकरमान्यांचे मुंबईकडील स्थलांतर हे एक मोठे कारण आहे. पुरुष नसलेल्या अशा घरांत आंब्याची कलमे, गडी, सातबारा आणि बँकेचे व्यवहार स्त्रियाच पाहतात.

वेगळ्या प्रकृतीची कल्पना शिक्षणातही उतरली. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा गृहिणी व माता या भूमिकांना अनुरूप असा वेगळा अभ्यासक्रम त्यांना आवश्यक वाटत होता. त्या काळी स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडणे हेच धाडस होते, हे विसरता कामा नये.

विकारांच्या बाबतीत लिंगभेदाचे महत्त्व खरोखर मोठे आहे. स्वमग्नता (ऑटिझम) आणि तोतरेपणा यांचे निदान मुलग्यांमध्ये अधिक होते, तर यौवनानंतर नैराश्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट असते. मुलींमधील स्वमग्नता अनेकदा उशिरा ओळखली जाते, कारण त्या इतरांचे वागणे पाहून आपली अडचण झाकतात आणि घरचे ‘ती मुळातच अबोल आहे’ असे समजून तपासणीचा विचार करत नाहीत.