एकच घर, दोन कोर्टं: आमच्या पक्षकारांसाठी

शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसात नवीन पक्षकार आले की हमखास विचारतात, "मॅडम घटस्फोटाच्या केसेस घेतात की क्रिमिनल?" दोन्ही घेतात. असं का, ते सांगायला हे पत्रक. जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे ते फक्त ऑफिसात आलेल्यांच्या हाती देतो. किती केसेस जिंकल्या याचे आकडे यात नाहीत.

मॅडमनी सुरुवात केली सत्र न्यायालयात, एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांच्या ज्युनियर म्हणून. पहिली आठ वर्षं जामीन, दोषारोपपत्र, उलटतपास एवढंच. त्यात ४९८-अ ची, म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी पत्नीचा छळ केल्याची प्रकरणं ढिगानं. नवरा आणि सासू आरोपी म्हणून आमच्याकडे यायचे, आणि त्याच जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात दुसऱ्या वकिलांकडे असायचा. एका वकिलानं काय लिहिलं, हे दुसऱ्याला ठाऊक नसायचं.

अशाच एका पक्षकाराचा कौटुंबिक न्यायालयात उलटतपास होता. मॅडम सहज मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. समोरच्या वकिलांनी दोन कागद त्याच्यापुढे ठेवले. अटकपूर्व जामिनाच्या अर्जात होतं, "दोन वर्षं वेगळे राहतो." घटस्फोटाच्या अर्जात होतं, "गेल्या दिवाळीपर्यंत पत्नी घरात होती." वकिलांनी विचारलं, "दोन्हीकडे सही तुमचीच ना?" तो माणूस नुसता कागदांकडे बघत राहिला. जामिनाचा अर्ज आमच्याच ऑफिसात टाइप झाला होता. त्यानंतर मॅडम दोन्ही कोर्टांत स्वतः उभ्या राहू लागल्या, त्याला आता सतरा-अठरा वर्षं होतील.

दोन्हीकडची रीत मात्र वेगळी. फौजदारी खटल्यात आरोपी गप्प राहू शकतो, गुन्हा सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम. कौटुंबिक न्यायालयात गप्प बसून भागत नाही. समुपदेशकांसमोर तुम्हालाच बोलावं लागतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे तिथे वकील लावणं हा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते.

पोलिसांची नोटीस आली म्हणून गाव सोडू नका. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ४९८-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ लागतात, पण अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलेलं आजही लागू आहे: नुसती तक्रार झाली म्हणून सरसकट अटक करायची नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहा, जाण्याआधी आम्हाला भेटा.

परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर थांबायचे पुढचे सहा महिने माफ होऊ शकतात, २०१७ पासून न्यायालयाला तो अधिकार आहे. खरी चूक होते ती तडजोडीच्या अटी लिहिताना. "ती केस मागे घेईल" एवढ्यावर विसंबू नका. छळाचा हा गुन्हा खालच्या कोर्टात आपसात मिटत नाही, रद्द करून घ्यायला हायकोर्टातच जावं लागतं. तिथे पत्नी कधी हजर राहणार आणि पैशाचा शेवटचा हप्ता कधी द्यायचा, हे अटींतच यायला हवं. पत्नीची बाजू आमच्याकडे असते तेव्हाही आम्ही हेच लिहून घेतो, कारण हप्ता बुडाल्याचा त्रास तिलाच होतो.

पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात २०२० मध्ये तसं ठरलं. पगार असो की शेतीचं उत्पन्न, आमच्यापासून लपवू नका.

पहिल्या भेटीला येताना दोन्ही कोर्टांतले सगळे कागद आणा, आधीच्या वकिलांनी केलेले अर्जसुद्धा. समन्सचं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख लागते.