सायकलचा छर्रा आणि रबरी मासा

सायकलच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये बहुधा पाव इंचाचे छर्रे असतात. त्यातल्या एकाचं वजन जवळजवळ 1 ग्रॅम भरतं. बेळगावात उद्यमबागेतल्या लेथपासून गल्लीतल्या सायकल दुकानापर्यंत असलं लोखंड हाताशी असतं. गळ टाकणाऱ्याला याहून सोयीचं वजन मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

गळाला आमिष म्हणून लावतात तो मऊ प्लॅस्टिकचा रबरी मासा पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक आणि त्याला मऊ ठेवणारं तेल यांचा बनतो. त्याची घनता पाण्याच्या आसपासच असते. म्हणून काही मासे तरंगतात, काही रेंगाळत बुडतात. तो नीट बुडावा म्हणूनही कारखान्यात त्यात मीठ मिसळतात, कारण मिठाची घनता पाण्याच्या 2.16 पट आहे. मात्र मीठ जास्त झालं की मासा लवकर फाटतो. मग उरतो घरचा जुगाड.

मामा माझी खटपट बघून म्हणाले, ‘‘जड केलं की बुडतंय, त्यात काय विज्ञान?’’ ते वर्षानुवर्षं शिसंच वापरत आले. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, चुलीवरही ओतता येतं, म्हणून ते घरोघरी शिरलं.

पण पाण्यात हिशेब बदलतो. विहिरीतून बादली ओढताना ती पाण्याबाहेर आली की एकदम जड होते, तसंच हे. 10 ग्रॅम शिसं पाण्यात 9.1 ग्रॅमचं काम करतं, 10 ग्रॅम लोखंड 8.7 ग्रॅमचं. फरक अर्ध्या ग्रॅमचाही नाही! लोखंडाचा तुकडा दीडपट मोठा होतो, एवढंच. काळा दगड मात्र साडेसहा ग्रॅमवर येतो, म्हणून तो बांधण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. बुडणाऱ्या वस्तूला पाणी अडवतं, आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मासा मुळात पाण्याइतकाच जड असेल, तर एका छर्‍याने मिळणारा वेग दुप्पट करायला दोन छर्रे पुरत नाहीत, चार लागतात. उलट बाजूने पाहिलं तर वजन निम्मं केलं तरी वेग सत्तर टक्के उरतो. हे समजल्यापासून मी वजन वाढवण्यापेक्षा ते कुठे बसवायचं याकडेच जास्त लक्ष देतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

वजन नाकात घातलं तर मासा डोकं खाली घालून सूर मारतो. दोरीला झटका दिला की उसळतो, सोडली की पुन्हा डुबकी. हिडकल धरणासारख्या खोल पाण्यात हे चांगलं. वजन मधोमध असेल तर तो आडवा पडतो, पाण्याला जास्त अंग दाखवतो, म्हणून तेवढ्याच वजनात हळू, डुलत खाली येतो, अगदी जखमी माशासारखा. खानापूरकडच्या तळ्यांत गवताच्या कडेला दबा धरलेल्या मरळीसाठी मी हीच तऱ्हा वापरतो. गुडघाभर पाण्यात दाट शेवाळ असेल तर मात्र वजन नकोच.

छर्रा पोटाकडे ठेवायचा. वजन खाली राहिलं की गोल बुडाच्या बाहुलीसारखा मासा स्वतःच सरळ होतो, आणि गळाचं टोक वर राहिल्याने तळाच्या काट्याकुट्यांत कमी अडकतं. ब्लेडने पोटावर छर्‍यापेक्षा लहान चीर द्या आणि छर्रा आत दाबा. प्लॅस्टिक त्याला घट्ट धरतं. नाकासाठी बारीक खिळ्याचा तुकडा बरा. गळाच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळली तर एकेक वेढा वाढवून वजन जुळवता येतं. तांबं लोखंडाहूनही जड आहे.

शिशाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, आणि सर्वांत जास्त धोका लहान मुलांच्या मेंदूला आहे. पाणपक्षी खड्यांसोबत शिशाचे मणी गिळतात. हंस मरू लागल्यावर ब्रिटनने 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री थांबवली. बेळगाव शहर मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी पितं. तुटलेल्या दोरीबरोबर तळाशी काय राहतं, याचा विचार चुलीवर शिसं ओतण्याआधी करायला हवा. लोखंड तिथे गंजून माती होतं.

मामांनी परवा हौदात दोन मासे सोडून बघितले, एक नाकात छर्‍याचा, एक पोटात. मग माझ्याकडून आणखी चार छर्रे मागून घेतले.