छोटं हॉटेल, मोठी पाटी आणि भरवसा: मागची गोष्ट

अनोळखी गावात उतरलं की भूक लागलेली असते आणि समोर दोन दारं असतात. एकावर सगळीकडे दिसते ती मोठ्या कंपनीची पाटी, आत काय मिळणार आणि ते कसं लागणार हे आधीच ठाऊक. दुसरं म्हणजे चार-पाच टेबलांचं हॉटेल, मालक स्वतः गल्ल्यावर आणि आत शेगडीपाशी त्याच्याच घरातलं कुणीतरी. मी दुसऱ्या दारातून आत जाते, पण दरवेळी पाय क्षणभर अडखळतोच, कारण इथे खाल्लं तर पोट बिघडणार नाही ना, फसवणार नाहीत ना, हे कुणी सांगितलेलं नसतं. छोट्या हॉटेलांचा सगळा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट सारखी दिसत गेली, की खाणाऱ्याने भरवसा कुणावर ठेवायचा.

आधी एक समजूत बाजूला ठेवूया. बाहेर खाणं ही श्रीमंतांची चैन होती आणि ती हळूहळू आपल्यापर्यंत आली असं आपण धरून चालतो, पण खूप आधीपासून बाहेर खात होते ते ज्यांच्या खोलीत चूल मांडायला जागाच नव्हती असे लोक. इटलीतलं पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटल्यावर राखेखाली गाडलं गेलं, म्हणून तिथली खाण्याची दुकानं जशीच्या तशी राहिली, आणि अशी दुकानं त्या एवढ्याशा शहरात शंभराच्या वर सापडलीत. रस्त्याला लागून बांधलेला दगडी ओटा, ओट्यात तोंडापर्यंत बसवलेले मातीचे रांजण. २०२० मध्ये असंच एक दुकान पूर्ण उकरून झालं, त्याच्या ओट्यावर कोंबडा आणि बदकं रंगवलेली आहेत, रंग अजून ताजे वाटतात, आणि रांजणांत डुकराचं नि बकरीचं मांस, मासे, गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. दुसऱ्या एका दुकानात एका रांजणात हजाराच्या वर नाणी होती. म्हणजे दुकानदाराचा गल्लाच! महाल, देवळं, पुतळे खूप बघितले, पण त्या चिल्लरीने मला जितकं हलवलं तितकं कशानेच नाही, कारण एकेक नाणं म्हणजे त्या ओट्यापाशी उभं राहून खाऊन गेलेलं एकेक माणूस. तिथे भरवशाचा प्रश्न सोपा होता, दुकानदार त्याच गल्लीत राहायचा, खराब दिलं तर उद्या तोंड कुठे लपवणार.

पण गिऱ्हाईक गल्लीबाहेरचं असेल तर? चीनमधलं कायफंग ही सोंग राजवटीची राजधानी होती, ती ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी घेतली आणि मेंग युआनलाओ नावाचा माणूस दक्षिणेत पळून गेला. तिकडे बसून त्याने ११४७ मध्ये आपल्या गमावलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या, आणि त्यात पानंच्या पानं हॉटेलांबद्दल आहेत. रात्रभर चालणारे बाजार होते, उत्तरेतल्या त्या शहरात दक्षिणेकडच्या पद्धतीचं जेवण देणारी वेगळी हॉटेलं होती, कारण व्यापारासाठी आणि सरकारी कामासाठी आलेल्या माणसांना घरची चव हवी असायची. आणि वेटर! एकाला गरम हवं, एकाला गार, एकाला कोमट, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, वेटर ते सगळं डोक्यात ठेवायचा, आत जाऊन घडाघडा म्हणून दाखवायचा आणि थोड्या वेळात डाव्या हातात तीन भांडी, उजव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत वीसेक वाडगे रचून बाहेर यायचा. चूक झाली तर गिऱ्हाईक मालकाला सांगायचं आणि वेटरला शिव्या बसायच्या किंवा पगार कापला जायचा. ही शिक्षा वाचून वाईट वाटतं, पण जवळपास नऊशे वर्षांपूर्वी माझं जेवण माझ्या मनासारखं मिळावं ही अपेक्षा इतकी पक्की होती हेही त्यातून कळतं.

जपानच्या एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, तशीच गोष्ट. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा उभारायला गावोगावचे कारागीर आले, एकट्या पुरुषांची संख्या भरमसाट, आणि पुढे सुशी, टेम्पुरा (तळलेले मासे-भाज्या), सोबा (नूडल्स) हे सगळं रस्त्याच्या गाड्यांवर वाढलं.

आता पॅरिस, कारण ‘रेस्टॉरंट’ हा शब्द तिथला. मुळात हे जागेचं नावच नाही, अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून दिलं जाणारं मांसाचं कढण म्हणजे ‘रेस्तोराँ’. १७६५ साली बूलांजे नावाच्या माणसाने पहिलं रेस्टॉरंट काढलं ही गोष्ट सगळीकडे सापडते, पण त्याला धड पुरावा नाही. कागदपत्रांत ठळक दिसतो तो १७६६ च्या सुमाराचा रोझ द शांत्वाझो. त्याआधी बाहेर जेवायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच लांब टेबलावर, ठरलेल्या वेळी, समोर येईल ते खायचं. नव्या जागांमध्ये वेगळं टेबल मिळू लागलं, हव्या त्या वेळी जाता येऊ लागलं आणि कार्डावर पदार्थ नि भाव छापलेले असायचे, म्हणजे अनोळखी माणसालाही आधीच कळायचं की आपल्याला किती पडणार. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की याच शांत्वाझोने १७६९ मध्ये पॅरिसमधल्या व्यापारी-कारागिरांच्या पत्त्यांची एक डिरेक्टरी छापली आणि त्यात स्वतःचं हॉटेलही घातलं. म्हणजे यादीत नाव यावं ही हॉटेलवाल्याची धडपड हॉटेलाइतकीच जुनी आहे. पुढे १७८९ ची क्रांती झाली, १७९१ मध्ये कुठला धंदा कुणी करायचा हे ठरवणारे जुने संघ बरखास्त झाले, सरदारांकडचे आचारी मोकळे झाले आणि त्यातल्या कित्येकांनी स्वतःची हॉटेलं थाटली.

अमेरिकेत १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून जेवण विकू लागला, वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, कारण रात्री बाकीची हॉटेलं बंद आणि छापखान्यातली माणसं जागी. गाडीला खिडकी, खिडकीतून जेवण. तिथली पुढची डायनर हॉटेलं या गाडीचीच वंशज.

मग साखळी हॉटेलं कुठून आली? मला पूर्वी वाटायचं की मोठ्या कंपन्यांनी येऊन छोट्यांना गिळलं, एवढंच. पण अमेरिकेत फ्रेड हार्वे नावाच्या माणसाने १८७६ मध्ये टोपेकाच्या स्टेशनात जागा घेतली तेव्हा रेल्वेच्या प्रवाशांचे खरोखर हाल होते, गाडी थोडाच वेळ थांबणार, जेवण वाईट, आणि पुन्हा ते गिऱ्हाईक येणार नाही हे विक्रेत्याला पक्कं माहिती. हार्वेने प्रत्येक स्टेशनात तीच स्वच्छता, तोच दर्जा दिला. ओळखीच्या चेहऱ्याच्या जागी ओळखीची पाटी आली. आणि गंमत बघा, मॅक्डोनाल्डसुद्धा १९४० साली सॅन बर्नार्डिनोत दोन भावांनी चालवलेलं एकुलतं एक हॉटेलच होतं, १९४८ मध्ये त्यांनी पदार्थ कमी करून काम पटापट होईल अशी मांडणी केली, रे क्रॉक नावाचा विक्रेता १९५४ मध्ये आला आणि १९६१ मध्ये त्याने भावांकडून सगळं विकत घेतलं. केंटकीतल्या कॉर्बिन गावात केएफसीवाल्या सँडर्सचं हॉटेलही रस्त्याकडेचं, पण १९५० च्या दशकात नवा हायवे गाव टाळून जाणार हे कळलं, गिऱ्हाईक आटलं आणि १९५६ मध्ये त्याला ते विकावं लागलं. नंतर तो स्वतःची पाककृती घेऊन गावोगाव फिरला. कित्येक छोटी हॉटेलं चवीमुळे नाही, रस्ता बदलल्यामुळे बंद पडलीत, आणि त्यांच्याकडे फिरायला पाककृतीही नव्हती.

कायद्यानेही हॉटेलं उघडलीत. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली, व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. १९१५ मध्ये एका कोर्टाने रेस्टॉरंटचा मालक हाही व्यापारी धरला आणि त्यानंतर चिनी हॉटेलं भराभर वाढली. माणसांना आपल्या घरच्यांना आणायचं होतं, त्यासाठी त्यांनी हॉटेल काढलं. घरच्या माणसांनी मिळून चालवलेलं छोटं हॉटेल दिसलं की मला हे आठवतं.

१९८६ मध्ये रोमच्या जुन्या चौकात मॅक्डोनाल्ड उघडायला विरोध झाला, कार्लो पेत्रिनी आणि मंडळींची, स्थानिक नि निवांत जेवणाचा आग्रह धरणारी स्लो फूड चळवळ त्यातून उभी राहिली आणि १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. २०१६ मध्ये मिशलिनने, म्हणजे टायर कंपनीच्या त्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने, सिंगापूरमधल्या दोन साध्या हॉकर स्टॉलना स्टार दिला.

पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट शांतपणे झाली, ती म्हणजे लोकांनी ऑनलाइन लिहिलेले रिव्ह्यू. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिएटलच्या हॉटेलांचा डेटा तपासला तेव्हा दिसलं की येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक स्टार वाढला की कमाई ५ ते ९ टक्के वाढते, आणि हा परिणाम फक्त स्वतंत्र हॉटेलांवर, साखळीवाल्यांवर नाही. साखळीबद्दल लोकांना आधीच माहिती असतं ना. म्हणजे जिथे मालकाला कुणी ओळखत नाही तिथे इतर खाणाऱ्यांचा शब्द आता पाटीचं काम करतो, म्हणून छोट्या जागी चांगलं जेवले तर मी दोन ओळी लिहितेच, काय खाल्लं तेही लिहिते.

डिलिव्हरी ॲपनी गिऱ्हाईक घरबसल्या आणून दिलं, पण कमिशन काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत गेलं, इतकं की २०२० च्या लॉकडाउनमध्ये सॅन फ्रान्सिस्को, सिएटल अशा शहरांना १५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. छोट्या हॉटेलात शंभरातले तीस गेल्यावर भाडं, पगार, गॅस, सामान कशातून भागवायचं? पार्सल हवं असेल तर मी ॲपवर हॉटेलचं नाव बघते, नंबर शोधते आणि सरळ दुकानात फोन लावते. ते तीस टक्के त्यांच्याकडेच राहतात, आणि ‘आज मीठ जरा कमी’ हे मी बोलले की पलीकडचा माणूस तिथूनच आत ओरडून सांगतो, ते मला फोनवर ऐकू येतं.